दालन कोणी बंद केलं?

प्रिय विनू,

तुझं पत्र आणि सोबत जोडलेलं बिएनालेचं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं निमंत्रण, दोन्ही वाचलं. आधी अभिनंदन. ते अजून कुणी केलं नसणार, कारण ही बातमी तू कुणाला सांगितलीच नसशील. पत्रात आनंदाची एक ओळ आणि मग पानंच्या पानं प्रायोजकांच्या यादीतल्या त्या एका नावावर त्रागा! ‘ही सगळी श्रीमंतांची जत्रा. तिथे मी खाणकामगारांची शिल्पं नेऊन मांडायची म्हणजे त्यांच्या कष्टांवर आणखी एकदा दुसऱ्यानेच मोठं व्हायचं,’ असं लिहिलंयस. हे खरं आहे, पण अर्धंच. जावं की न जावं ते एका शब्दात सांग म्हणतोस. एका शब्दात सांगता आलं असतं तर फोनच केला असता.

प्रदर्शन आखणाऱ्या क्युरेटरचं ते निवेदन वाचून काहीही ठरवू नकोस. जायचंही ठरवू नकोस आणि टाळायचंही नाही. वसाहतवाद, स्थलांतर, तापती पृथ्वी, परिघावरचे आवाज: ही निवेदनं आता सगळीकडे एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटतात. मी एका बिएनालेसाठी भिंतीवरची टिपणं लिहून दिली होती. श्रमाचं मोल या विषयावरच्या टिपणांचं मानधन प्रदर्शन उतरल्यावर आलं, तेही चार स्मरणपत्रं गेल्यावर. तेव्हापासून भिंतीवर काय लिहिलंय याकडे मी कमी बघतो. कुठलं दालन बंद पडलं, ते कोणी बंद केलं आणि त्यानंतर कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं, एवढं शोधलं की त्या प्रदर्शनाचं राजकारण बऱ्यापैकी कळतं.

सगळ्या बिएनाल्यांचा साचा व्हेनिसचा, म्हणून तिथून सुरू करतो. १८९५ साली तिथल्या नगरपालिकेने हे प्रदर्शन भरवलं ते राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता यांच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचं निमित्त करून. शहराला पाहुणे हवे होते, चित्रांना गिऱ्हाईक हवं होतं. १९०७ मध्ये बेल्जियमने तिथल्या बागेत स्वतःचं दालन बांधलं, मग एकेक देश येत गेला. १९३० मध्ये मुसोलिनीच्या सरकारने कारभार पालिकेकडून काढून स्वतःच्या हाती घेतला. आज त्या बागेत तीसच्या आसपास दालनं आहेत. ज्यांनी वेळेवर जागा धरली त्यांची ती कायमची. बाकीच्यांनी गावातले जुने वाडे भाड्याने घ्यायचे. भारताचं अधिकृत दालन २०११ मध्ये पहिल्यांदा लागलं, त्यानंतर थेट २०१९ मध्ये. मधे २०१५ मध्ये आपली शिल्पा गुप्ता आणि लाहोरचा रशीद राणा यांनी अशाच एका वाड्यात एकत्र काम मांडलं. त्या वर्षी भारताचंही दालन नव्हतं आणि पाकिस्तानचंही, म्हणून ते जमलं. दालनं असती तर दोघांना एका छपराखाली कुठल्या मंत्रालयाने बसू दिलं असतं?

हा देशांच्या दालनांचा मामला किती पोकळ आहे ते सांत्यागो सिएरा या स्पॅनिश कलावंताने २००३ मध्ये दाखवलं. त्याने स्पेनच्या दालनाच्या तोंडावर भिंत बांधली आणि दर्शनी भागावरचं देशाचं नाव काळ्या प्लास्टिकने झाकलं. आत जायचं तर मागच्या दाराने, आणि स्पेनचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवूनच. दारावर गणवेशातले पहारेकरी. ज्यांना आत जाता आलं त्यांना तिथे जुन्या सामानाचा पसारा तेवढा दिसला. त्या पहारेकऱ्यांसमोर कलासमीक्षक, संग्राहक, राजदूत निमूटपणे परत फिरले असतील. एरवी अशा ठिकाणी त्यांना कुणी अडवत नाही.

तिथे दार सिएराने स्वतः बंद केलं होतं. गेल्या काही वर्षांत अशी दारं बरीच बंद झाली. युक्रेनवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाच्या दालनाचे दोन कलाकार किरील सावचेन्कोव आणि अलेक्सांद्रा सुखारेवा आणि त्यांचे लिथुआनियन क्युरेटर यांनी अंग काढून घेतलं. दालन बंद राहिलं. २०२४ मध्ये रशियाने तेच दालन बोलिव्हियाला वापरायला दिलं. बोलिव्हियाने काही महिन्यांपूर्वीच रशियाच्या सरकारी कंपनीशी लिथियमचा करार केला होता, हे जगभरच्या वार्ताहरांच्या नजरेतून सुटलं नाही. त्याच वर्षी इस्राएलच्या दालनात रूथ पातीर यांनी पत्रकारांच्या पूर्वदर्शनाच्या दिवशी काचेवर पाटी लावली: युद्धविराम आणि ओलिसांच्या सुटकेचा करार झाला की प्रदर्शन उघडू. बाहेर इटालियन सैनिकांचा पहारा होता आणि काचेतून एक चित्रफीत दिसत होती. इस्राएलला वगळा अशी मागणी करणाऱ्यांनी त्या पाटीला संधिसाधूपणा म्हटलं. इटलीच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी वगळायची मागणीच आधी धुडकावली होती. पातीर यांना मी दोष देणार नाही. स्वतःच्या सरकारच्या पैशाने उभं केलेलं स्वतःचं काम ऐन दिवशी कुलूपबंद करायला काळीज लागतं. तरी सावचेन्कोव आणि सुखारेवा यांनी मागे काहीच ठेवलं नाही, काचेतून दिसण्याइतकंही नाही. ते मला अधिक भावतं.

राज्यसंस्था दार लावते तेव्हा कारण नेहमी तांत्रिक असतं. २०१५ मध्ये आइसलंडचं प्रतिनिधित्व करताना क्रिस्तोफ ब्युशेल या स्विस कलावंताने व्हेनिसमधल्या एका जुन्या चर्चमध्ये मशीद मांडली. चर्च केव्हाच वापरातून गेलेलं. व्हेनिसच्या जुन्या शहरात तोवर मशीद नव्हती, त्यामुळे आसपासचे मुसलमान तिथे खरोखरच नमाजाला येऊ लागले. कलाकृती म्हणून ते चाललं असतं, पण मशीद म्हणून ती वापरात आली आणि दोन आठवड्यांत पालिकेने परवान्याच्या अटींचा भंग झाला म्हणून ती बंद केली. त्याच वर्षीच्या मुख्य प्रदर्शनात मार्क्सचं ‘भांडवल’ मोठ्याने वाचायचा कार्यक्रम महिनोनमहिने सुखाने चालला, हे लक्षात ठेव.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनालेचं २००८चं प्रकरण तर तुला आवडेलच. क्युरेटरने त्या प्रचंड इमारतीचा एक अख्खा मजला मुद्दाम रिकामा सोडला. बिएनालेने थांबून विचार करावा, असा हेतू. उद्घाटनाच्या दिवशीच शहरातली भिंती रंगवणारी पोरं झुंडीने घुसली आणि त्यांनी तो रिकामा मजला आपल्या काळ्या अक्षरांनी भरून टाकला. पोलीस आले. एक तरुण मुलगी पकडली गेली आणि पन्नासहून अधिक दिवस तुरुंगात राहिली. दोन वर्षांनी, २०१०च्या आवृत्तीत, त्याच पोरांच्या कामाला रीतसर निमंत्रण! मग २०१२ मध्ये बर्लिन बिएनालेने त्यांना एका चर्चमध्ये कार्यशाळेसाठी बोलावलं. ती सरसर भिंतींवर चढली आणि नको तिथेही रंगवत सुटली. क्युरेटर आर्तुर झ्मियेव्स्कीने बादलीभर पाणी ओतलं, त्याच्या अंगावर पिवळा रंग आला, पुन्हा पोलीस. आणि ही तीच आवृत्ती, जिने तळमजला आर्थिक विषमतेविरुद्धच्या ऑक्युपाय चळवळीच्या आंदोलकांना मुक्कामाला दिला होता. बंडखोराला बोलावताना त्याने नेमून दिलेल्या भिंतीवरच बंड करावं, ही अपेक्षा यजमान कधी सोडत नाही.

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूचं अधिक बोचतं. १९८०च्या मे महिन्यात लष्कराने चिरडलेल्या लोकशाहीच्या उठावाची आठवण म्हणून १९९५ मध्ये उभी राहिलेली ही बिएनाले. २०१४ मध्ये तिच्या वर्धापनाच्या प्रदर्शनात होंग सोंग-दाम यांनी सेवोल नौकेच्या दुर्घटनेवरच्या चित्रात राष्ट्राध्यक्षांना बुजगावणं करून दाखवलं, तेव्हा शहर प्रशासनाने ते चित्र लागू दिलं नाही. बिएनालेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शारजाच्या बिएनालेत २०११ मध्ये एका अल्जेरियन लेखकाच्या मांडणशिल्पावरून कलासंचालकाचीच हकालपट्टी झाली.

जमाव दार लावतो ती गोष्ट जपानची. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या आइची त्रिएनालेने २०१९ मध्ये, पूर्वी इतरत्र काढून टाकलेल्या कामांचंच एक दालन केलं होतं. त्यात युद्धकाळात जपानी लष्कराने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांची आठवण देणारा बसलेल्या मुलीचा पुतळा होता. तीन दिवसांत दालन बंद. पेट्रोल घेऊन येतो, अशी फॅक्सने धमकी आली होती, आणि क्योतोच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतलं जळीतकांड होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, त्यामुळे ती हसण्यावारी नेता येईना. पण आपलंही काम झाका म्हणून इतर कलाकार एकेक करून पुढे आले. त्या दडपणामुळे शेवटच्या आठवड्यात दालन पुन्हा उघडलं. चिठ्ठ्या टाकून थोड्याथोड्यांना आत सोडत होते. दरम्यान केंद्राच्या सांस्कृतिक विभागाने ७.८ कोटी येनचं अनुदान रोखलं. पुढच्या वर्षी त्यातून काही कापून उरलेलं दिलं. धमकी देणारा पकडला गेला, अनुदान रोखणाऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आता कासल. जर्मनीतल्या या शहरात दर पाच वर्षांनी भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनाबद्दल तू खोचक लिहिलंयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२२ मध्ये पंधरावी डॉक्युमेंटा जाकार्ताच्या रुआंग्रुपा या गटाकडे होती. त्यांनी मोठी नावं बाजूला ठेवून जगभरचे गट बोलावले आणि निधीचा मोठा भाग त्या गटांनी आपापसात बसून वाटायचा, असं ठरवलं. पंधराशेच्या वर कलाकार आले. क्युरेटरने पैशावरचा ताबा सोडणं ही या क्षेत्रातली दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण उद्घाटनाच्या सुमारास तारिंग पादी या इंडोनेशियन गटाचं, तिथला हुकूमशहा सुहार्तो याच्या राजवटीवरचं २००२चं एक भलंमोठं फलकचित्र चौकात चढलं. त्यात डुकराच्या तोंडाचा एक सैनिक आणि सुळे दाखवणारा, टोपीवर हिटलरच्या एसएस दलाची अक्षरं असलेला एक ज्यू होता. जर्मनीत, भर चौकात! त्याचा बचाव करता येत नाही, आणि मित्रांनी करूही नये. चित्र आधी काळ्या कापडाने झाकलं, दुसऱ्या दिवशी उतरवलं. गटाने माफी मागितली. महिनाभरात महासंचालक पायउतार झाल्या.

तिथे संपायला हवं होतं, पण संशय मुरला. पुढच्या डॉक्युमेंटाचा क्युरेटर निवडणाऱ्या समितीत मुंबईचे कवी रणजीत होस्कोटे होते, व्हेनिसच्या त्या २०११च्या भारतीय दालनाचे क्युरेटर. २०१९ मध्ये मुंबईत इस्राएली वाणिज्य दूतावासाच्या पुढाकाराने झालेल्या, झायोनिझम (ज्यू राष्ट्रवाद) आणि हिंदुत्व यांना एकत्र गुंफणाऱ्या एका कार्यक्रमाच्या निषेधाच्या पत्रकावर त्यांची सही होती. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राने उकरून काढली. होस्कोट्यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांत उरलेली समितीही गेली. यहुदी परंपरेबद्दल ज्याने आयुष्यभर आस्थेने लिहिलं, त्याच्यावर एका सहीवरून ज्यूद्वेषाचा शिक्का! फलकचित्र उतरवणं आणि होस्कोट्यांना जायला लावणं या दोन गोष्टी एका पारड्यात टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. पहिल्यात एक चित्र सगळ्यांसमोर होतं, त्यावर बोलता येत होतं. दुसऱ्यात माणसाची जुनी फाईल चाळली गेली. तुझ्याही जुन्या सह्या कुठेकुठे आहेत ते आठवून ठेव. काढून टाकायला नव्हे, ठाम राहायला.

आता प्रायोजकाकडे येतो. सिडनीची बिएनाले १९७३ मध्ये ट्रान्सफील्ड या कंपनीच्या मालकाने सुरू केली, म्हणजे पैसा आणि बिएनाले एकाच घरातले. २०१४ मध्ये त्या नावाच्या सेवा-कंपनीकडे नाउरू आणि मानुस बेटांवरच्या छावण्यांचं कंत्राट होतं. समुद्रमार्गे आसरा मागायला आलेल्यांना ऑस्ट्रेलिया सरकार तिथे डांबत असे. निवडलेल्या कलाकारांपैकी कित्येकांनी मिळून पत्र लिहिलं, काहींनी कामं काढून घेतली, आणि उद्घाटनाला दोन आठवडे असताना संस्थापकाच्या मुलाने अध्यक्षपद सोडलं. बिएनालेने नातं तोडलं. लगेच सरकारचे कलामंत्री खवळले: खासगी प्रायोजकाला अवाजवी कारणाने नाकारणाऱ्यांना सरकारी पैसा मिळू नये, असं धोरण आखा म्हणाले. मानुसची छावणी मात्र चालूच राहिली. ती बेकायदा ठरली २०१६ मध्ये, पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयात. तेव्हा बहिष्काराने छावणी बंद पडते या भ्रमात राहू नकोस. त्याने एवढंच झालं की त्या पैशाला बिएनालेची शोभा मिळेनाशी झाली. हे थोडं आहे, पण ज्यांना ती शोभा हवी होती त्यांना किती झोंबलं ते मंत्र्यांच्या रागावरून कळतं.

न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या बिएनालेत २०१९ मध्ये तेच घडलं. विश्वस्तांपैकी वॉरन कँडर्स यांची कंपनी अश्रुधुराची नळकांडी बनवायची. आठ कलाकारांनी चालू प्रदर्शनातून कामं काढायला सांगितली आणि आठवडाभरात कँडर्स गेले. त्याआधी नोकरदारांची पत्रं, मोर्चे, सगळं महिनोनमहिने चाललं होतं. हलले ते कलाकार मिळून उठले तेव्हाच. एकटा गेला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता आणि बातमीही झाली नसती.

तू एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस: तिथे राबणारी माणसं. प्रायोजकाचं पाप दिसतं, थकलेली मजुरी दिसत नाही. आपली कोची-मुझिरिस घे. १२ डिसेंबर २०१२ला सुरू झाली, सरकारी कलामहाविद्यालयांतल्या पोरांसाठी वेगळी विद्यार्थी बिएनाले तिने उभी केली, आणि ज्यांनी आयुष्यात गॅलरीचं दार बघितलं नाही असे लोक तिथे मनमोकळे फिरतात. मला ती प्रिय आहे. पण २०१८-१९च्या आवृत्तीनंतर ठेकेदाराच्या आणि मजुरांच्या थकबाकीवरून जाहीर वाद झाला. २०२२ मध्ये उद्घाटन ऐनवेळी ११ दिवस पुढे ढकललं गेलं, आणि दुरून आलेल्या कलाकारांना वेळेवर न आलेल्या पेट्या, पाणी गळणारी छपरं आणि न मिळणारी उत्तरं यांवर खुलं पत्र लिहावं लागलं. मोठ्या बिएनाल्यांत कलाकाराचा खर्च बहुधा त्याची गॅलरी उचलते. म्हणून गॅलरी नसलेला तुझ्यासारखा माणूस तिथे क्वचित दिसतो, आणि दिसला तर कर्ज काढून आलेला असतो.

शहरांचं काय होतं, असंही विचारलंयस. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५० च्या सुमाराला पावणेदोन लाख लोक राहायचे, २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. खापर एकट्या बिएनालेवर फोडणं अन्याय होईल, पण वर्षाआड वाडे भाड्याने घेणारे देश काही तिथली भाडी उतरवत नाहीत.

याच्या उलट मी ज्याच्यापुढे नमतो ते जपानच्या सेतो समुद्रातल्या बेटांवरचं सेतोउची हे कलाप्रदर्शन, २०१० पासून दर तीन वर्षांनी भरणारं. तिथेही एका मोठ्या उद्योगपतीचा पैसा आहे. बेटं म्हातारी झालेली. तेशिमावर वर्षानुवर्षं बेकायदा औद्योगिक कचरा ओतलेला. ओगिजिमाची शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली होती. २०१३च्या आवृत्तीनंतर काही कुटुंबं परतली आणि २०१४ मध्ये ती उघडली. आणि ओशिमा हे कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याचं बेट. तो कायदा रद्द झाला १९९६ मध्ये, तोवर त्यांची आयुष्यं तिथेच सरली. महोत्सवाच्या निमित्ताने किनाऱ्याशी टाकून दिलेलं काँक्रीटचं शवविच्छेदनाचं टेबल वर काढून ठेवलं गेलं. मेल्यावर फाडायची संमती तिथे आल्या-आल्याच घेतली जाई. आता माणसं बोटीने येतात, ते टेबल बघतात, उरलेल्या वृद्धांशी बोलतात. गर्दीचा त्रास, कचरा, बोटींच्या रांगा, सगळं आहे. २०१९ मध्ये अकरा लाखांवर भेटींची नोंद झाली. तरीही जिथे जायला माणसं घाबरत होती तिथे ती जाऊ लागली, आणि हे कुठल्या निवेदनाने झालेलं नाही.

तर माझं मत असं: जा, पण सही करण्याआधी तीन-चार कामं कर. निमंत्रितांच्या यादीतल्या बाकीच्यांना लिही. त्या प्रायोजकाचं नाव त्यांच्याही घशात अडकलं असणार, आणि जे काही मागायचं ते मिळून मागा. करारात हे लेखी घे की तुझं काम झाकायचं, हलवायचं किंवा काढायचं झालं तर तुला विचारल्याशिवाय होणार नाही, आणि कारण जाहीर सांगितलं जाईल. काम स्वतः काढून घ्यायचा हक्कही लिहून घे, आणि त्या वेळी परतीची वाहतूक कोण करणार तेही. शिल्पं उभी करणाऱ्या माणसांची मजुरी आठवड्याला मिळते की शेवटी, ते विचार. या प्रश्नावर ते कसे उत्तर देतात त्यावरून त्यांची पारख कर. मजुरीवर गप्प बसले तर खुशाल नकार दे, मी तुझ्या पत्रकावर सही करीन.

मसुदा आला की लगेच पाठव, विमा आणि जकातीची कलमं मी वाचतो. आणि सगळ्यात मोठ्या शिल्पाचं वजन कळव. तुझ्या पत्रात फक्त उंची आहे, आणि वाहतूकदार आधी वजनच विचारतात.

तुझा,
अन्या